बारा ते चारची पाळी

चिपळूणच्या दुकानदाराने विचारलं,
"कोकणात खोली तापवायची? कशाला?"
म्हटलं, लेक येतेय बाळंतपणाला,
पौषात दिवस भरतायत,
आणि दाभोळच्या खाडीवरून पहाटे जो गारठा चढतो
तो तुमच्या बाजारपेठेत येत नाही.

त्याने तीन स्टोव्ह दाखवले.
मोठा दिवाणखान्याचा होता, नको.
लाल रंगाचा देखणा, पण पंखा असा घरघरे
की पोर दचकून उठेल.
तिसरा बुटका, राखाडी, तोंडाला काच.
मी झाकण उघडलं, मळसूत्रात बोट घातलं,
राखेचा खण ओढून पाहिला, परत ढकलला,
पुन्हा ओढला.
एकतीस वर्षं बोटीच्या बॉयलरपाशी काढलेला माणूस
रंग बघत नाही.

गोळ्यांची पोती चार गिरण्यांची.
प्रत्येकातली एकेक मोडून पाहिली:
कट्‌कन तुटली ती घेतली,
वाकून भुगा झाली ती परत.
काजूच्या टरफलाच्या स्वस्त होत्या.
टरफलाचं तेल कातडी सोलतं हे इथे पोरांनाही ठाऊक,
त्याचा धूर बाळाच्या खोलीत कोण सोडेल?
आंब्या-फणसाच्या भुशाच्या घेतल्या, दहा पोती.
खारी हवा त्यांचं चार दिवसांत पीठ करते,
म्हणून रंगाच्या रिकाम्या डब्यांत भरल्या,
झाकणांना सायकलची ट्यूब कापून लावली.

सगुणा मालीशवाली दारातच थबकली.
"बाजंखाली शेगडी न्हाय, मग शेक कसला?
हिची आयस हितंच बाळंत झाली व्हती,
तवा दीड मण कोळसा लागला."
मला माहीत नव्हतं.
तेव्हा मी मोंबासाच्या बाहेर होतो,
रेडिओवाल्याने आठव्या दिवशी चिठ्ठी आणून दिली:
मुलगी. दोघी ठीक.
कोळसा, बंद खिडकी, डोळ्यांची चुरचुर
चिठ्ठीत नव्हती,
आणि घरी आल्यावर मी विचारलं नाही.
आता विचारायला ती नाही.

चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडलं, चार इंच,
पश्चिमेला. रात्री वारा जमिनीकडून सुटतो,
धुराच्या नळीचं तोंड त्याला पाठ करून हवं.
हे तेवढं कुणाला विचारावं लागलं नाही.

जुन्या सवयीने वही घातली.

१२.१० पेटला. ज्योत तांबडी, आळशी. हवेची झडप अर्धा वळसा उघडली.
१२.२५ ज्योत पिवळी, उभी.
१.०० काच स्वच्छ. खिडकी दोन बोटं उघडी.
२.१५ पोर रडली. स्टोव्हचा दोष नाही.
२.४० वीज गेली.

पंखा थांबला, मळसूत्र थांबलं.
काचेमागे मूठभर निखारे,
वर धूर, कुठे जावं ते न कळल्यासारखा.
खिडकी सताड उघडली.
होडीची बॅटरी आधीच आणून ठेवली होती,
फक्त तिच्या वायरी कुठे ठेवल्या ते आठवेना.
चाचपडत होतो, तेव्हा अंधारातून कालिंदी म्हणाली,
"बाबा, राहू दे. भिंत अजून ऊन आहे."

हात लावला.
चिरा खरंच ऊन होता,
रवंथ करणाऱ्या गाईच्या कुशीसारखा.

थर्मामीटर भिंतीचं सांगतो,
पोरीचं तिच्या तळव्याला इचार,
पालथ्या हातानं, असं सगुणा म्हणाली होती.
विचारलं.
मग वहीत लिहिलं, उजेड नव्हता, ओळ तिरकी गेली:
३.०५ वीज नाही. तळवा ऊबदार. दोघी ठीक.

चार वाजता पाळी बदलायची असते.
कुणी आलं नाही.
सगुणा सहाला येते, तेल कोमट करायला.
मी राख गार व्हायची वाट बघत
वायरी शोधत राहिलो.